पाचव्या दिवसाच्या उड्या

गेल्या खेपेला या पानावर मी कुत्र्यांच्या नसबंदीबद्दल लिहिलं होतं. कधी करावी, कधी थांबावं, भूल देण्याआधी कुठल्या तपासण्या करतात, असं सगळं. वाटलं होतं, त्यावरच प्रश्न येतील. एकही आला नाही. आलेली सगळी पत्रं ऑपरेशन उरकून कुत्रं घरी आणल्यानंतरची आहेत आणि बरीचशी मध्यरात्री लिहिलेली दिसतात. नेहमीप्रमाणे लिहिणाऱ्यांची नावं गाळली आहेत, कुत्र्यांची ठेवली आहेत.

डॉक्टरताई, आज संध्याकाळी पाचला चिंगीला ऑपरेशन करून घरी आणलं. वय एक वर्ष, वजन अकरा किलो. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत. तिचं अंग थरथरतंय, एका सुरात कुंई कुंई चाललंय. हाक मारली की बघते, पण ओळखत नाही असं वाटतं. खाणं हुंगून तोंड फिरवलं. मधूनच ठसका लागल्यासारखी खोकते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात पांढरट पडदा आलाय. तिला फार दुखत असेल का? आम्ही घाई केली का? — चिंगीची आई

तुमचं पत्र माझ्या हाती पडेपर्यंत चिंगी घरभर फिरायलाही लागली असेल. तरी सविस्तर लिहिते, कारण ही रात्र प्रत्येकाच्या घरी येते आणि नेमकी तेव्हाच दवाखाना बंद असतो.

कुंई कुंई म्हणजे दुखणंच, असं नाही. भूल आणि तिच्यासोबत दिलेली तीव्र वेदनाशामकं उतरताना कुत्र्याला आपण कुठे आहोत, हे हातपाय आपले का वाटत नाहीत, काही उमगत नाही. त्या गोंधळाचा तो आवाज असतो. तो एकसुरी असतो, भिंतीकडे बघूनही चालू राहतो आणि सकाळपर्यंत विरतो. खरं दुखणारं कुत्रं वेगळं दिसतं. ते पाठ कमानीसारखी करून उभं राहतं, झोप अनावर झाली तरी आडवं व्हायला धजत नाही, बसल्या बसल्या डुलतं, पोटाकडे वळून वळून बघतं, पोटाजवळ हात गेला की अंग आखडतं. असं दिसलं तर वेदनाशामक कमी पडतंय. डॉक्टरांना फोन करा, त्यात संकोच नको.

थरथर बहुतेक वेळा थंडीची असते. भुलीत अंगाची ऊब कमी होते, त्यात पोटावरचे केस काढलेले आणि जंतुनाशकाने ओलं केलेलं पोट. पांघरूण घाला. गरम पाण्याची पिशवी मात्र थेट अंगाला लावू नका. गुंगीतल्या कुत्र्याला चटका बसला तरी बाजूला सरकता येत नाही, आणि असे भाजलेले कुत्रे मी पाहिले आहेत. खोकला श्वासनळीत घातलेल्या नळीमुळे घसा खरवडल्याचा, एकदोन दिवसांत जातो. पांढरा पडदा ही कुत्र्याची तिसरी पापणी. गुंगीत ती वर सरकते, शुद्ध आली की आपोआप जागेवर जाते. पुढच्या पायावर केस काढलेला चौकोन दिसेल, तिथे सलाईनची सुई होती.

नेहमीच्या निम्म्याहूनही कमी खाणं पुढे ठेवा. नाही खाल्लं तर उचला. तोंड उघडून भरवू नका, सिरिंजने पाणी तर अजिबात नको. गुंगीत घोट चुकला की पाणी फुप्फुसात जातं. एखादी उलटी चालते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मात्र तिने थोडं तरी खायला हवं. शी दोनतीन दिवस होणार नाही. ऑपरेशनआधी पोट रिकामं ठेवलेलं असतं आणि औषधांनी आतडी आळसावलेली असतात.

चिंगीला पलंगावर किंवा सोफ्यावर घेऊन झोपू नका, तोल जाऊन पडेल. जमिनीवर अंथरूण घाला आणि फार वाटत असेल तर तुम्हीच खाली झोपा. लहान मुलं आणि घरातलं दुसरं कुत्रं आज दूर ठेवा. गुंगीत अगदी गरीब कुत्रंही दचकून तोंड घालतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिचा ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी हवी. बोटाने दाबा, पांढरी होईल. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. (हे ऑपरेशनच्या आधी एकदा करून ठेवावं म्हणजे आपल्या कुत्र्याचा नेहमीचा रंग ठाऊक असतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे खालची पापणी ओढून आतला रंग बघा.) मादीच्या ऑपरेशनमध्ये अंडाशयाकडे आणि गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या धाग्याने बांधतात. क्वचित एखादी गाठ सैल पडते आणि रक्त आतल्या आत साचतं, बाहेर थेंबही दिसत नाही. हिरड्या फिक्या, पाय गार, पोट फुगत चाललेलं, हाक मारून हलवूनही कुत्रं उठत नाही, असं असेल तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे अडीच वाजले असले तरी निघायचं.

तुम्ही वर्णन केलेल्यात यातलं काही नाही. आणि घाई तुम्ही केलेली नाही.

डॉक्टरबाई, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेल्या नरसाळ्यासारख्या कोनमुळे आमची राणी अगदी केविलवाणी झाली आहे. दाराला धडकते, पाणी पिता येत नाही, रात्री कोन आपटत फिरते. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना दया आली, त्यांनी तो काढून माळ्यावर टाकला. म्हणाल्या, कुत्रं आपली जखम चाटून बरी करतं, देवाने लाळ उगाच दिलेली नाही. मला उलटून बोलता येत नाही. — राणीच्या घरची सूनबाई

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि पुढचं त्यांनाच वाचून दाखवा.

आई, तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. लाळेत जंतूंना थोडाफार अटकाव करणारे घटक असतात. पण त्याच तोंडात जखम पिकवणारे जंतूही भरपूर असतात. आणि लाळ बाजूला ठेवली तरी जीभ राहते. तासभर ओली जीभ एकाच जागी घासली तर धडधाकट कातडीसुद्धा सोलून निघते. त्याहून वाईट पुढचे बारीक दात. गोचीड टिपायला निसर्गाने दिलेले ते दात टाक्याचा धागा असा अलगद उचलतात की चिमट्याने मलाही जमणार नाही.

हे मी घरच्या अनुभवाने सांगते आहे. माझी ढवळी दीड वर्षांची असताना तिचं ऑपरेशन माझ्या मैत्रिणीने केलं, कारण घरच्या कुत्रीवर सुरी धरायला माझा हात धजेना. पाचव्या रात्री ढवळी माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की मी कोन काढला. म्हटलं, पाच मिनिटं. तेवढ्यात फोन आला. परत आले तर ती शांत बसली होती, चेहऱ्यावर समाधान, आणि कातडीचे तीन टाके गायब. एक जमिनीवर सापडला, दोन तिच्या पोटात गेले असावेत. नशीब एवढंच की आतले थर शाबूत होते. मैत्रिणीला रात्री अकराला उठवलं, ढवळीला पुन्हा भूल, पुन्हा टाके. मैत्रिणीने तेव्हा काहीच म्हटलं नाही. पुढे वर्षभर मात्र भेटली की विचारायची, "कोन आहे ना घरी?" पशुवैद्य असून मी फसले, तर तुम्ही का नाही फसणार!

सूनबाई, आता तुमच्यासाठी. राणी धडकते याचा अर्थ कोन बरोबर मापाचा आहे. तो नाकाच्या टोकापुढे दोन बोटं तरी जायला हवा. धडकत नाही इतका आखूड कोन असेल तर जीभ पोटापर्यंत पोचते. गळ्याशी दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा. पाण्याचं भांडं कोनच्या तोंडापेक्षा लहान घ्या आणि थोडं उंचावर ठेवा, ती कोन भांड्यावर पालथा घालून प्यायला शिकेल. जेवताना काढायचा असेल तर काढा, पण जेवण संपेपर्यंत तिथून हलायचं नाही आणि फोन घ्यायचा नाही. हवा भरलेली गळ्यातली गोल उशी मिळते, ती लांब नाकाच्या कुत्र्यांना पोटापासून अडवत नाही. अंगभर घालायचा सुती झबल्यासारखा सूट बऱ्याच माद्यांना चालतो. मात्र शूच्या वेळी तो मागून सोडावा लागतो, ओला झाला की बदलावा लागतो, आणि झाकलं गेलं म्हणून जखम बघणं थांबवायचं नाही. काही हुशार कुत्र्या तोही कुरतडतात.

चाटणं मुख्यतः रात्री होतं, घर झोपल्यावर. तरी दिवसा माया करा आणि रात्री कोन घाला, हा मधला मार्ग नाही. दिवसरात्र कोन, टाके निघेपर्यंत. सासूबाईंना ही एक गंमतही सांगा: इंग्रजीत या कोनला राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळातल्या चुणीदार कॉलरवरून नाव पडलंय. ती गादीवर होती 1558 ते 1603. म्हणजे तुमच्या राणीने राणीचाच थाट केला आहे.

सोनीच्या ऑपरेशनला आज सहा दिवस झाले. टाक्यांच्या खालच्या टोकाशी लिंबाएवढी मऊ गाठ आली आहे. दाबली तर ती ओरडत नाही. खरं सांगायचं तर काल ती इतकी खुशीत होती की मुलाने दोनदा चेंडू टाकला. दोनदाच. — सोनीचे बाबा

दोनदा. बरं.

दादा, तुमच्यावर रागावत नाही, कारण पाचव्या दिवशी सगळेच फसतात. आज आलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यात निम्मी पत्रं पाचव्यासहाव्या दिवसाची आहेत. पहिले दोन दिवस कुत्रं मलूल असतं, तेव्हा आपण त्याला फुलासारखं जपतो. चौथ्यापाचव्या दिवशी दुखणं सरतं, भूक परतते, शेपूट हलायला लागते. आपल्याला वाटतं, सुटलो. पण आत काय चाललेलं असतं बघा. सुरुवातीचे तीन ते पाच दिवस शरीर जखमेतली साफसफाई करत असतं, जोडकाम जेमतेम सुरू झालेलं असतं. या काळात पोटाच्या दोन्ही कडा एकत्र राहतात त्या निव्वळ डॉक्टरांच्या धाग्याने. मग नवे तंतू विणले जायला लागतात. दोनतीन आठवड्यांनी जखमेला शेवटी येणाऱ्या बळकटीचा साधारण पाचवा हिस्सा आलेला असतो. म्हणजे सोनीने चेंडूवर झेप घेतली तेव्हा तिला हिंडवणारं मन बरं झालेलं होतं आणि पोट एका धाग्यावर होतं.

गाठ तीनपैकी एक असू शकते. सगळ्यात जास्त वेळा निघतं ते कातडीखाली साचलेलं पाणी. थर एकमेकांवर घसरले की मधल्या पोकळीत पिवळसर किंवा लालसर द्रव जमतो. हात लावला तर हलतो, दुखत नाही, गरम लागत नाही. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं. दंगामस्ती बंद केली की शरीर तो हळूहळू शोषून घेतं, दोनतीन आठवडे लागतात. दुसरी शक्यता म्हणजे आतल्या धाग्याच्या गाठीभोवतीची सूज. ती वाटाण्याएवढी, टणक असते आणि धागा विरघळेल तशी जाते. तिसरी काळजीची: आतला स्नायूंचा थर उसवून त्यातून चरबी किंवा आतडं कातडीखाली डोकावतं. तीही मऊच लागते. बोटाने फरक ओळखणं तुमचं काम नाही, म्हणून उद्याच दाखवून या. घरी सुई टोचून पाणी काढायचा उद्योग कोणी सुचवला तर ऐकू नका. निर्मळ पाण्यात जंतू सोडायची ती खात्रीची रीत आहे. शेकूही नका.

उद्यापर्यंत थांबायचं नाही ते कधी? गाठ अचानक मोठी झाली, लाल किंवा गरम झाली, पू आला, घाण वास आला, कुत्रं खाईना, ताप 103 अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर. (कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 असतं, तेव्हा आपल्या हिशेबाने ताप ठरवू नका.) आणि टाके उसवून आतलं काहीही बाहेर दिसलं तर स्वच्छ कापड सलाईनच्या किंवा पिण्याच्या पाण्यात भिजवून त्यावर ठेवा, वरून चादर गुंडाळा, कोन घाला आणि निघा. ते आत ढकलायचा प्रयत्न करू नका. हे वाचून घाबरू नका, मी इतक्या वर्षांत हे मोजक्याच वेळा पाहिलं आहे. पण ज्यांनी वेळेवर आणलं त्यांची कुत्री वाचली.

सोनीला पुढचे आठ दिवस घरातही पट्ट्यावर ठेवा. बाहेर फक्त शू-शीपुरतं, हळू चालत. जिने उचलून. सोफा बंद. तरुण कुत्रं कंटाळून घर डोक्यावर घेईल, तर त्याच्या नाकाला काम द्या: जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाण्याचे दाणे लपवा, एका खोलीत चार डब्यांखाली ठेवा आणि शोधू द्या. वीस मिनिटं हुंगून कुत्रं जितकं दमतं तितकं फेरी मारूनही दमत नाही. तेवढ्यानेही भागेना तर डॉक्टर शांत ठेवणारं सौम्य औषध देतात. ते मागायला लाजू नका. आणि मुलाला हे पत्र वाचू द्या, पण त्याला रागावू नका. चेंडू त्याने टाकला, पण बघत तर तुम्ही होतात.

अंघोळ कधी घालायची? चौथ्या दिवसापासून वास येतोय. — ब्राउनीची ताई

टाके निघाल्यावर, म्हणजे 10 ते 14 दिवसांनी. टाके आतून घातलेले असतील, काढायचे नसतील, तरी तेवढेच दिवस. तोवर पाय आणि मागचा भाग ओल्या फडक्याने पुसा. वास अंगाचा असेल तर सहन करा, जखमेचा असेल तर दवाखाना गाठा. जखमेवर पावडर, तेल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काही लावू नका. पेरॉक्साइडचा फेस बघून काम होतंय असं वाटतं. तो नव्याने येणाऱ्या पेशीही मारतो. कोरडी, उघडी, रोज दोनदा बघितलेली जखम सगळ्यात छान भरते. रोज एकाच उजेडात फोटो काढून ठेवा, म्हणजे "काल एवढं लाल होतं का?" यावर घरात वाद होत नाहीत.

बंड्याचं ऑपरेशन परवा झालं. रात्री कण्हत होता म्हणून घरातली आयबुप्रोफेनची अर्धी गोळी दिली. दवाखान्याने दिलेलं वेदनाशामक चालूच आहे. आज सकाळी त्याला उलटी झाली. उरलेली अर्धी देऊ का? — बंड्याचा दादा

नाही. या पत्राला मी टपालाने उत्तर दिलेलं नाही, मिळाल्या क्षणी संपादकांकरवी फोन केला आहे. इथे छापते आहे ते इतरांसाठी.

आपल्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधं दुखणं ज्या रसायनांना रोखून थांबवतात, तीच रसायनं जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा सांभाळत असतात. कुत्र्याचं शरीर या बाबतीत आपल्यापेक्षा फार हळवं आहे. आपल्याला सोसणारी मात्रा त्याच्या जठराला छिद्र पाडू शकते. त्यात दवाखान्याचं औषध बहुधा त्याच गटातलं, म्हणजे एकावर एक. पॅरासिटामॉलची तऱ्हा निराळी, ते यकृतावर आणि तांबड्या रक्तपेशींवर जातं. उलट्या, डांबरासारखी काळी शी, सारखं पाणी पिणं, खाणं सोडणं ही लक्षणं यायला दिवस-दोन दिवस लागू शकतात. म्हणून "अजून तरी ठीक दिसतोय" याला अर्थ नाही. चूक झालीच तर कुठली गोळी, किती, किती वाजता हे लिहून घेऊन लगेच डॉक्टरांना सांगा. ओरडतील म्हणून लपवू नका. मी ओरडते, पण आधी उपचार करते.

दवाखान्याचं औषध खाण्यासोबत द्या. कुत्रं खात नसेल किंवा उलटी झाली तर पुढचा डोस देण्याआधी विचारा. आणि घरी जाताना वेदनाशामक दिलंच नसेल तर तिथेच उभं राहून विचारा, का नाही दिलं.

डॉक्टर मॅडम, विषय अवघड आहे, पण विचारतो. टायगरचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वी झालं. पण मागून पाहिलं तर सगळं होतं तसंच आहे, उलट मोठं वाटतंय. डॉक्टरांनी खरंच काढलं ना? शिवाय काल त्याने उशीवर चढायचा प्रयत्न केला. — टायगरचे काका

काका, विषय अजिबात अवघड नाही, आमच्या दवाखान्यात दिवसातून चारदा निघतो. काढलं आहे. चिरा सहसा वृषणांच्या पिशवीवर नसतो, तिच्या थोडा पुढे असतो. दोन्ही वृषणं त्या एकाच वाटेने बाहेर घेतात आणि पिशवी तशीच ठेवतात. रिकाम्या पिशवीत थोडं पाणी साचतं, सूज येते, कातडी निळसर-जांभळी होते. आठ-पंधरा दिवसांत ती आक्रसते. वयस्क कुत्र्यांची थोडी लोंबत राहते, त्याने काही बिघडत नाही. पहिल्या दोन दिवसांत कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरला तर सूज आटोक्यात राहते. पण पिशवी एकाएकी चेंडूसारखी टणक आणि काळपट झाली तर आत रक्त साचलं आहे, ते दाखवायलाच हवं.

उशीचं म्हणाल तर हार्मोन लवकर उतरतं, सवय डोक्यात असते. काही आठवडे, कधी काही महिने चालेल. पण सध्या ते थांबवा, कारण त्या हालचालीने टाके ताणतात. आणखी एक गोष्ट बहुतेकांना कोणी सांगत नाही: वृषणं गेली तरी पुढच्या नळ्यांत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. चार ते सहा आठवडे टायगरला माजावर आलेल्या मादीजवळ जाऊ देऊ नका. नाहीतर तुम्ही पुन्हा विचाराल, डॉक्टरांनी खरंच काढलं ना?

परीचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले. जखम सुंदर आहे. पण तीन दिवसांपासून तिला दूध येतंय! कापडी ससा तोंडात धरून कपाटाखाली नेते, त्याला चाटते, जवळ गेलं की गुरगुरते. ती तर कधीच गुरगुरत नसे. पोटात एखादं पिल्लू राहून गेलं का? — परीची आजी

आजी, पिल्लू राहिलेलं नाही. असतं तर गर्भाशयाबरोबर तेही निघालं असतं. तुम्ही पत्रात खाली लिहिलं आहे की परी ऑपरेशनच्या सात आठवडे आधी माजावर आली होती. उत्तर तिथेच आहे.

कुत्रीच्या शरीराची एक विचित्र गोष्ट अशी की माज संपल्यावर, नर भेटला असो वा नसो, अंडाशयं सुमारे दोन महिने गरोदरपणाचं हार्मोन बनवत राहतात. सगळं शरीर पोटुशी असल्यासारखं वागतं. ते हार्मोन ओसरलं की मेंदू समजतो, बाळंतपण झालं; मग दूध आणणारं दुसरं हार्मोन वर येतं. एरवी हे सावकाश होतं आणि बऱ्याचदा आपल्या लक्षातही येत नाही. परीचं अंडाशय काढलं आणि ते हार्मोन एका दिवसात तळाला गेलं. तिच्या शरीराच्या हिशेबाने ती बाळंतीण आहे. बाळ कुठे आहे ते तिला सापडेना, म्हणून तिने सशाला आपलं मानलं.

दूध पिळू नका, शेकू नका, चोळू नका. रिकामं केलं की आणखी येतं. ती स्वतः चाटत असेल तर माळ्यावरचा कोन पुन्हा उतरवा. ससा तिच्या तोंडातून ओढून घेऊ नका. ती फिरायला गेली असताना उचलून ठेवा आणि ती जागा बंद करा. दोनचार दिवस शोधेल, तेव्हा तिच्यासोबत बसा, हळू फिरवून आणा. बहुतेकींचं दोनतीन आठवड्यांत ओसरतं. नाही ओसरलं, किंवा चिडणं वाढलं, तर दूध आणणारं हार्मोन कमी करणारी औषधं आहेत. एखादं आचळ गरम, कडक, दुखरं झालं तर मात्र वाट बघायची नाही. हे टाळण्यासाठीच शक्य असेल तिथे आम्ही माजानंतर तीनेक महिने थांबायला सांगतो. परीच्या बाबतीत कोणी विचारलं नसेल किंवा कोणी सांगितलं नसेल. आता ते उकरून उपयोग नाही.

गुरगुरणं मनावर घेऊ नका. पिल्लापाशी कोणी आलं तर बाळंतीण दुसरं काय करणार?

टाके काल निघाले. आता सगळं पूर्वीसारखं ना? — मोतीची मावशी

फिरणं पूर्वीसारखं, पण आठवडाभरात हळूहळू वाढवत. खाणं पूर्वीसारखं नाही. नसबंदीनंतर शरीराला लागणारी ऊर्जा साधारण पाव हिश्श्याने, कधी त्याहून जास्त कमी होते आणि भूक मात्र वाढते. मोती तुमच्याकडे बघेल. ढवळी तेरा वर्षांची आहे, अजून बघते. खाणं मोजून द्या, महिन्याला वजन करा, फासळ्या हाताला लागताहेत का बघा. पुढे कधी झोपेत अंथरूण ओलं होऊ लागलं तर मारू-रागावू नका, तपासून घ्या. काही माद्यांमध्ये, विशेषतः मोठ्या जातीच्या, नसबंदीनंतर मूत्रमार्गाची पकड सैल पडते आणि त्यावर चांगलं औषध आहे.

डॉक्टरमावशी, मी चौथीत आहे. आमच्या गुंडीच्या पोटावरचे केस मशीनने काढले. आता तिचं पोट गुलाबी दिसतं आणि त्यावर ठिपके आहेत ते मला आधी माहीत नव्हते. केस परत येतील का? — गुंडीचा दोस्त

येतील. आधी मखमलीसारखे बारीक येतील, मग खरे. छोट्या केसांच्या कुत्र्यांना दोनतीन महिने लागतात, झुपकेदार असतील तर त्याहून जास्त. ठिपके तिथेच राहतील, फक्त झाकले जातील. हवं तर आताच मोजून ठेव. पोटाला हात न लावता.